सेंट बर्नार्डच्या गळ्यातलं ब्रँडीचं पिंप: खुलासा

आल्प्समधले सेंट बर्नार्ड कुत्रे गळ्यात ब्रँडीचं पिंप बांधून बर्फात अडकलेल्यांना वाचवायचे, असा मजकूर फिरतोय. कुत्रे खरे, पिंप नाही. ते रूढ झालं एडविन लँडसीर या इंग्रज चित्रकाराच्या 1820 च्या चित्रावरून. शिवाय गारठलेल्याला दारू पाजणं घातकच: कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते आणि शरीराची उष्णता उलट झपाट्याने निघून जाते.

2,469 मीटर उंचीच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतल्या मठात हे कुत्रे सतराव्या शतकापासून पाळले जाऊ लागले. आधी राखणीला, मग वाट काढायला आणि वासावरून माणूस शोधायला. मठातल्या बॅरी या प्रसिद्ध कुत्र्याला, त्यानेच वाचवलेल्या एका सैनिकाने मारलं, हीही दंतकथा. तो 1812 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात आला आणि 1814 मध्ये म्हातारपणाने गेला. त्याचं वजन जेमतेम 40-45 किलो होतं. आजचे धिप्पाड सेंट बर्नार्ड त्याच्या दीडपट भरतात. 1830 नंतर न्यूफाउंडलंडशी संकर झाला, केस लांबले, त्यात बर्फ गोठून कुत्रे जड होऊ लागले. असे कुत्रे मठाच्या कामाचे उरले नाहीत.

स्वभाव शांत, हे मात्र खरं. पण शिस्त पिल्लूपणीच लावावी; मोठेपणी पट्टा ओढणारा कुत्रा आवरत नाही.