वीस मुलांच्या शाळेला जास्त पैसे द्या

न्यू जर्सीत घर घेतलं की प्रॉपर्टी टॅक्सचं बिल येतं आणि त्यात शाळेचा वाटा वेगळा लिहिलेला असतो. हे बिल राज्यात सरासरी वर्षाला 10 हजार डॉलरच्या आसपास असतं आणि त्यातला निम्म्याच्या आसपास पैसा शाळांकडे जातो. त्यामुळे आमच्या मिडलसेक्स काउंटीत मराठी माणसं जमली की बोलणं घरांच्या किमतींवरून शाळांवर येतं आणि शाळांवरून एका ठरलेल्या तक्रारीवर. भरायचं आपण आणि सरकारने वाटायचं नुअर्क, कॅम्डेनसारख्या गरीब शहरांना. पर्थ अँबॉय आणि न्यू ब्रन्सविक तर एडिसनच्या जवळच आहेत, तिथल्या शाळांना राज्याकडून मोठी मदत मिळते आणि आपल्या टाऊनने मात्र स्वतःच्या खिशातून भरायचं, हा अन्याय नाही का?

मला तो अन्याय वाटत नाही. गावाकडे, म्हणजे महाराष्ट्रात, कमी पटाच्या शाळा ठेवायच्या की नाहीत यावरून जो वाद चाललाय तो बघितल्यावर तर अजिबातच नाही.

ही मदत इथे कुणी दयेपोटी सुरू केली नाही. न्यू जर्सीच्या राज्यघटनेत 1875 पासून एक कलम आहे. 5 ते 18 वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी मोफत शाळांची परिपूर्ण आणि कार्यक्षम व्यवस्था ठेवणं हे त्यानुसार सरकारचं काम आहे. पण शाळा चालायच्या गावाच्या घरपट्टीवर. घरं महाग तिथे शाळा श्रीमंत, घरं पडकी तिथे शाळा गळक्या. 1973 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही पद्धत घटनेत बसत नाही. विधिमंडळ पैसा उभा करेना, तेव्हा जुलै 1976 मध्ये न्यायालयाने राज्यभरातल्या सरकारी शाळांचा खर्चच थांबवला. उन्हाळ्याची सुट्टी होती, तरी धक्का पुरेसा बसला. आठवड्याभरात राज्याचा आयकर मंजूर झाला. आज आपण ज्याच्या नावाने कुरकुरतो तो न्यू जर्सीचा इन्कम टॅक्स शाळांच्या या भांडणातूनच आलेला आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

पुढे 1981 मध्ये कॅम्डेन, ईस्ट ऑरेंज, अर्व्हिंग्टन आणि जर्सी सिटीतल्या मुलांच्या वतीने नवा खटला उभा राहिला. पहिल्या मुलाच्या आडनावावरून तो ‘अ‍ॅबट’ खटला म्हणून ओळखला जातो. 1990 च्या निकालात न्यायालय म्हणालं की गरीब शहरांतल्या मुलामागे श्रीमंत उपनगरांइतका खर्च व्हायलाच हवा आणि त्यांच्या जास्तीच्या गरजांसाठी त्यावर आणखी. 1998 मध्ये त्यात बालवाडी आली. या गरीब शहरांच्या शालेय जिल्ह्यांतल्या 3 आणि 4 वर्षांच्या प्रत्येक मुलाला दर्जेदार बालवाडी, वर्गात 15 पेक्षा जास्त मुलं नाहीत, शिक्षक प्रशिक्षित आणि सोबत एक मदतनीस. या मुलांचा मागोवा रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे बरीच वर्षं घेतला. चौथी-पाचवीपर्यंत त्यांचा अभ्यास सरस राहिला आणि नापास होऊन त्याच वर्गात बसणाऱ्यांचं प्रमाणही घटलं. नंतर 2010 मध्ये सरकारने शाळांच्या मदतीला कात्री लावली, तर पुढच्याच वर्षी न्यायालयाने या निकालांखाली आलेल्या 31 शालेय जिल्ह्यांचे सुमारे 50 कोटी डॉलर परत द्यायला लावले.

2008 च्या कायद्याने हा हिशेब राज्यभर लागू केला. एका मुलामागे किती खर्च यायला हवा त्याचा एक मूळ आकडा असतो. मूल गरीब घरचं असेल, म्हणजे मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र असेल, तर त्या आकड्यात कायद्याने 47 ते 57 टक्के भर घातली. जिल्ह्यात गरीब मुलांचं प्रमाण जितकं जास्त, तितकी प्रत्येक गरीब मुलामागची भर जास्त. कारण वर्गातल्या दोन मुलांना घरी मदत नसणं वेगळं आणि पंधरा मुलांना नसणं वेगळं. इंग्रजी न येणाऱ्या मुलासाठी अजून भर. मग गावाची घरं आणि गावकऱ्यांचं उत्पन्न बघून गावाने किती उचलायचं ते ठरतं आणि उरलेलं राज्य देतं. जर्सी सिटीत नदीकाठी टॉवर उभे राहिले, शहर श्रीमंत झालं, तशी 2018 नंतर तिची मदत कमी होत गेली. नकाशा बदलला की पैसाही सरकतो.

आता आपल्याकडे बघू. केंद्राच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान निव्वळ पटावर ठरतं. 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10 हजार रुपये, 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार. यातून खडू, फळा, झाडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती सगळं भागवायचं. माझी मावसबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती सांगते की पैसे बहुधा वर्ष संपता संपता येतात आणि तोवर शिक्षक स्वतःच्या खिशातून सादिल, म्हणजे हा किरकोळ खर्च, भागवतात, नाहीतर गावात वर्गणी काढतात. वर्गणी निघते ती ज्या गावात ट्रॅक्टर आहेत, मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेली पोरं आहेत, तिथे. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या तांड्यावर कोण कुणाकडे वर्गणी मागणार? दारिद्र्याचा, स्थलांतराचा, घरी वेगळी बोली बोलणाऱ्या भिल्ल किंवा कोरकू मुलांचा या अनुदानाच्या तक्त्यात रकानाच नाही. पट कमी म्हणजे पैसे कमी, तिथे हिशेब संपला.

आणि पट फारच कमी असेल तर शाळाच नको, असा विचार पुढे येतो. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण खात्याने समूह शाळांचा, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करायचा, प्रस्ताव मांडला. 20 किंवा त्याहून कमी पटाच्या जवळपास 15 हजार शाळांचा प्रश्न त्यात होता आणि पानशेत, तोरणमाळ इथले नमुने दाखवले गेले. मग मार्च 2024 चे संच मान्यतेचे, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवणारे, नवे निकष आले. त्यात कमी पटाच्या शाळांतली शिक्षकांची पदं धोक्यात आली. शिक्षण हक्क कायदा मात्र पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक द्या म्हणतो. त्यात पटाची खालची मर्यादा कुठेही नाही.

समूह शाळेच्या बाजूने जे बोललं जातं त्यातलं काही मला मान्य आहे. चौथीच्या वर्गात एकटं मूल असेल तर त्याला खेळायला, भांडायला, बरोबरीने वाचायला कुणी नसतं. जिथे बारमाही रस्ता आहे, गाडी आहे आणि पालक राजी आहेत तिथे शाळा जरूर एकत्र करा. पण गाडी आधी धावू दे. एक अख्खा पावसाळा धावू दे आणि मग जुन्या शाळेला कुलूप लावा. आपल्याकडे कुलूप आधी लागतं. इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीच्या मुलांनी 2022 मध्ये शाळेसाठी नाशिकच्या जिल्हा परिषदेवर मोर्चा नेला, तोही बकऱ्या घेऊन. दप्तरं परत घ्या आणि आम्हाला बकऱ्या द्या, ही त्यांची मागणी होती. धरणाने उठवलेल्या वस्तीतली ही पोरं. त्यांच्या आईबापांनी राज्याला पाणी दिलं आणि राज्य त्यांच्याकडे पट मागत होतं. ती बातमी मी इथे बसून वाचली आणि त्या दिवशी कामात माझं लक्ष लागलं नाही.

गरजूला जास्त द्या, हा विचार काही अमेरिकेतून आणायला नको. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे हेच मांडलं होतं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची मूळ तक्रार. निकाल बघून शाळांना अनुदान द्यायची पद्धत तेव्हा जोरात होती. गरीब आणि शिक्षणापासून दूर राहिलेल्या लोकांसाठी ती योग्य नाही, असं त्यांनी आयोगाला स्पष्ट सांगितलं. अशा लोकांत स्वतःच्या जोरावर शाळा काढून कुणाचं पोट भरणार नाही, म्हणून तिथे सरकारी शाळाच हव्यात आणि मुलांना वेगळं उत्तेजन हवं. निकालाच्या जागी पट हा शब्द घातला, तर आज मंत्रालयात वाचून दाखवता येईल इतकं ते ताजं आहे.

न्यू जर्सीतही सगळं छान झालेलं नाही. गरीब जिल्ह्यांत शाळा बांधण्यासाठी अब्जावधी डॉलर मंजूर झाले. त्यांची उधळपट्टी इतकी झाली की बांधकामाचं महामंडळच 2007 मध्ये मोडीत काढावं लागलं. कॅम्डेनच्या मुलांचे आणि उपनगरातल्या मुलांचे निकाल आजही सारखे नाहीत. गोरी, आशियाई मुलं एका गावात आणि काळी, लॅटिनो मुलं दुसऱ्या गावात, ही विभागणी पैशाने मिटली नाही. आपण मराठी लोक घर घेताना शाळेचं रेटिंग बघून तीच विभागणी पक्की करतो. पण म्हणून पैसा देणं चुकलं असं मला कुणी पटवू शकलेलं नाही. उधळपट्टी झाली तर हिशेब मागा, चौकशी लावा. मुलाच्या वाट्याचं काढून घेऊ नका.

महाराष्ट्रात मला दोन गोष्टी व्हायला हव्या आहेत. अनुदानाच्या तक्त्यात पटाशेजारी गरिबी, स्थलांतर, बोली आणि अंतर यांचे रकाने यावेत आणि प्रत्येकाची भर टक्क्यांत लिहिलेली असावी. आणि हे शासन निर्णयात नको, कायद्यात हवं. जीआर एका सचिवाच्या सहीने येतो आणि दुसऱ्याच्या सहीने जातो. कायद्यात असेल तर नंदुरबारच्या पाड्यावरची आई न्यायालयात जाऊन म्हणू शकेल की माझ्या मुलाचे इतके पैसे बाकी आहेत.

तिच्या हातात आजही काही नाही असं नाही. 2002 च्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम 21-अ 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क देतं आणि त्याखाली 2009 चा कायदा आहे. अ‍ॅबट खटल्याच्या वकिलांकडे त्यांच्या राज्यघटनेतलं ते एक जुनं वाक्य होतं आणि त्यावर ते चाळीसहून जास्त वर्षं लढत आले आहेत.