‘आईस स्केट दोन नंबर मोठे घ्या’ : हा फॉरवर्ड पुढे पाठवू नका

चाकांच्या स्केटवर तयार झालेल्या मुलांना सुट्टीत डेहराडून, गुरुग्रामच्या रिंकवर, म्हणजे स्केटिंगसाठी केलेल्या बर्फाच्या मैदानावर, न्यायचा बेत रत्नागिरी-चिपळूणकडचे पालक आखू लागले, की ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: ‘आईस स्केट नेहमीच्या बुटापेक्षा दोन नंबर मोठे घ्या, पोरं वाढतात. पाय रुंद असेल तर आणखी एक नंबर वाढवा. आत जाड लोकरी मोजे. लेस करकचून बांधा. पाय लटपटला तर घोटे कमजोर आहेत, आणि सुरुवातीला दुखतंच.’ पाठवणाऱ्याला काळजी असते, हे मान्य. पण यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला चुकीचा आहे.

दोन नंबर मोठे? उलट आहे. हॉकी स्केट, म्हणजे बर्फावरच्या हॉकीचे, साधारणपणे रोजच्या बुटापेक्षा एक-दीड नंबर लहानच लागतात. फिगर स्केटमध्ये, म्हणजे गिरक्या-उड्यांच्या स्केटमध्ये, कंपनीगणिक नंबर बदलतो, काही कंपन्या तर थेट मिलिमीटरमध्येच माप देतात. म्हणून बुटाचा नंबर विसरा आणि पाय मोजा. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. कोब्यावर वर्तमानपत्राचा कागद भिंतीला टेकवून पसरा, मुलाला टाच भिंतीला लावून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं करा, आणि सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिल उभी धरून खूण करा. दोन्ही पाय मोजा, मोठा असेल तो धरा. तळव्याची सर्वांत रुंद जागाही लिहून ठेवा. आपल्याकडे कोकणात बर्फाची रिंक नाही, स्केट बहुतेक ऑनलाइनच येतात. तेव्हा हे दोन आकडे विक्रेत्याला कळवल्याशिवाय पैसे भरू नका.

बूट घरी आला की लेस न बांधता पाय पुढे सरकवा. बोटं टेकल्यावर टाचेमागे पेन्सिलभर जागा उरावी, वाढत्या मुलाला तेवढीच पुरे. मग टाच मागे ठोकून बसवा, लेस बांधा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत किंवा टेकायच्या बेतात असावीत आणि गुडघे वाकवले की मागे सरकावीत. आता मुलाला गुडघे वाकवायला लावा आणि विचारा, टाच उचलते का? उचलत असेल तर तो बूट परत करा.

सगळा खेळ या टाचेवर आहे. पातं जेमतेम 3 ते 4 मिलिमीटर जाड. त्याच्या आतल्या नाहीतर बाहेरच्या धारेवर तोल घ्यायचा. सैल बुटात मूल वळायला जातं तेव्हा आधी पाय आतल्या आत सरकतो, बूट मागून येतो, आणि घोटा आत कलंडतो. बघणारा म्हणतो, घोटे कमजोर. त्या पोराला किती वाईट वाटत असेल! बहुतेकदा दोष मापाचा असतो.

रुंदीचं म्हणणं मात्र खरं आहे. अनवाणी आणि चपलेत वाढलेला पाय पुढून पसरतो. पण लांबी वाढवली की टाच सुटते. त्याच लांबीत रुंद साचा मिळतो, तो मागा.

जाड मोज्याला सुरकुत्या पडतात, घाम धरतो आणि ओला पाय जास्त गारठतो. पातळ, ताणून बसणारा मोजा घाला.

दुखण्याबद्दल: कडक नवा बूट पहिले काही तास आवळतो, ते ठीक. बोटं दुमडणं, मुंग्या, बधिरपणा, टाचेवर फोड हे चालवून घेऊ नका. लेस बोटांपाशी सैल, पायाच्या वाकणावर घट्ट आणि वरच्या हुकांना किंचित ढिली, म्हणजे गुडघा पुढे वाकतो.

राहिला पैशांचा मुद्दा, आणि तो खरा आहे, स्केट महाग असतात. पण ‘दोन वर्षं पुरतील’ म्हणून घेतलेला बूट मधला आख्खा पावसाळा आपल्या दमट हवेत पडून राहतो: चामड्याला बुरशी, पात्याला गंज. त्यापेक्षा पहिल्या सुट्टीत रिंकवरचे भाड्याचे घ्या, किंवा मापात बसणारे वापरलेले घ्या, फक्त घोट्यापाशी बूट मोडलेला नाही ना ते दाबून पाहा. घरी ठेवताना पातं कोरडं पुसा आणि प्लास्टिकच्या कव्हराऐवजी कापडी कव्हर घाला, प्लास्टिकच्या आत पाणी साचून राहतं.