पळोवया (कोकणीत "बघूया") म्हणजे हो की नाही?

आज रविवार. आमच्या वाचनालयाच्या समितीची सभा दुपारी चारला फोंड्यात ठरली होती. वाळपईच्या ताई अडीचला घरून निघाल्या. रद्द झाल्याचा ईमेल आला तीन वाजून दहा मिनिटांनी, तेव्हा त्या बसमध्ये होत्या. पोचल्या तर दाराला कुलूप, वर पाऊस. पासष्टीच्या बाई पायरीवर छत्री धरून परतीच्या बसची वेळ होण्याची वाट बघत बसल्या.

हे कसं झालं ते नीट लिहितो, कारण दर सभेला हेच होतं आणि दोष मात्र "त्या पोलला", म्हणजे सभेची वेळ ठरवायच्या मतदानाला, दिला जातो.

समितीत 11 जण. पोलमध्ये पर्याय होते 14. चौघांनी मतच दिलं नाही. त्यांना गटावर विचारलं तर उत्तर काय, "पळोवया". ज्या सात जणांनी मत दिलं त्यातल्या तिघांनी एकही वेळ न वाचता चौदाच्या चौदा ठिकाणी "हो" दाबलं. रविवार दुपारी चारला सात "हो" दिसले, म्हणून ती वेळ पक्की झाली. गणसंख्या, म्हणजे सभेला किमान हवीत तेवढी माणसं, सहाची. आज दुपारी त्याच तिघांचे एकामागून एक निरोप आले, जमत नाही म्हणून. उरले चार. सभा बारगळली. वाळपईच्या ताईंनी मात्र दोनच ठिकाणी "हो" दिलं होतं, बस बघून. बाकी बारा ठिकाणी स्वच्छ "नाही". अख्ख्या पोलमध्ये कामाचं असं मत त्यांचंच होतं!

मुळात 14 पर्याय द्यायचेच कशाला? सभा दीड तासाची. चौदा वेळा दीड म्हणजे 21 तास. सगळीकडे "हो" म्हणणाऱ्याने आठवडाभर 21 तास मोकळे राखायला हवेत. ते कोण राखणार? म्हणून मग "हो" ला किंमतच उरत नाही. तीन पर्याय द्या, फार तर पाच. वेगवेगळ्या वारांचे आणि वेगवेगळ्या प्रहरांचे द्या. शनिवारी 4, 4:30 आणि 5 असे तीन ठेवले तर तो एकच पर्याय झाला, ज्याचा शनिवार गेला त्याचे तिन्ही गेले.

आणि पर्याय टाकण्याआधी गोव्याचं कॅलेंडर डोळ्यांपुढे आणा. दुपारी एक ते चार फारसं कुणी घराबाहेर पडत नाही. मंगेशीच्या पालखीला जाणारे सोमवारी संध्याकाळी मिळणार नाहीत. रविवारी सकाळी चर्चला जाणारे सभासदही आपल्यात आहेत. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या आठवड्यात तर पोल काढूच नका.

दुसरी गोष्ट हिशेबाची. समजा, प्रत्येक माणूस एखाद्या वेळेला मोकळा असण्याची शक्यता दहात नऊ आहे. भरपूर झाली की नाही? तरी अकराही जण एकाच वेळी मोकळे असण्याची शक्यता जेमतेम 31 टक्के येते. पाचच जण अत्यावश्यक धरले तर ती 59 टक्क्यांवर जाते. म्हणून सगळ्यांना एका रांगेत उभं करू नका. अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार आणि ज्यांच्या विषयावर निर्णय व्हायचा आहे ते दोघे, एवढेच आवश्यक ठेवा. बाकीचे ऐच्छिक. ऐच्छिकातून दोघेतिघे आले की गणसंख्या भरते. यात कुणाचा मान जात नाही.

मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये ही सोय पोलमध्येच आहे. नवा ईमेल उघडायचा, आवश्यक माणसं "टू" मध्ये, ऐच्छिक "सीसी" मध्ये, मग शेड्युलिंग पोल. कालावधी दीड तास, टाइम झोन भारताचा, वेळा निवडा, पुढे जा. यासाठी नोकरीच्या किंवा शाळा-कॉलेजच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावरून पाठवावं लागतं, पण मत देणाऱ्याला तसं खातं नसलं तरी लिंकवरून चालतं. फक्त "ओळख पडताळा" ही खूण तेवढी काढून ठेवा, नाहीतर जीमेलवाल्यांना मत देण्याआधी ओळख पटवावी लागते. "सर्वांचं एकमत होताच सभा आपोआप ठरवा" अशीही एक खूण आहे. दिसायला छान, पण आवश्यक यादीतला एक जण गप्प बसला की ती कधीच ठरत नाही. आपल्यासारख्यांनी ती बंद ठेवावी आणि शेवटची वेळ माणसाने निवडावी. निवडलेल्या वेळा कॅलेंडरवर राखून ठेवायची सोय पाठवणाऱ्यासाठी आहे. मत देणाऱ्याने "हो" म्हटल्यावर ती वेळ स्वतःच्या हाताने अडवून ठेवायला हवी. तिघांनी नेमकं हेच केलं नाही आणि ताई पायरीवर बसल्या.

जीमेलवाल्यांसाठी एक सांगतो. त्यातली "मोकळ्या वेळा सुचवा" ही सोय दोघांच्या भेटीसाठी आहे. तिथे वेळ उचलली की ठरली, मतदान नसतं. अकरा जणांना ती पाठवून उपयोग नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचा पोल सोपा आहे, मान्य. वाड्यावरच्या पाचजणांना पुरतो. पण त्यात "नाही" म्हणायला जागाच नाही. ज्याने खूण केली नाही त्याला जमत नाही, की त्याने बघितलंच नाही, हे कळत नाही. शिवाय तिथे वेळ म्हणजे नुसता मजकूर. आपले दोन सभासद बाहेर आहेत, एक कुवेतला, एक लिस्बनला. आपले संध्याकाळचे 7:30 म्हणजे कुवेतचे 5, लिस्बनचे हिवाळ्यात 2 आणि उन्हाळ्यात 3. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लिस्बनची घड्याळं मागे जातात. पोल आधी आणि सभा नंतर असली तर हा तासाचा घोळ ठरलेला. टाइम झोन लावलेला पोल ते आपोआप सांभाळतो. शिवाय कुवेतला रविवार कामाचा दिवस. आपण दरवेळी रविवार देतो आणि वर म्हणतो, हा येतच नाही!

मत न देणाऱ्या चौघांपैकी दोघे सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांच्यावर मघाशी रागावलो, ते बरोबर नव्हतं. ईमेल ते उघडत नाहीत, हे आपल्याला वर्षानुवर्षं माहीत आहे. त्यांना पोलच्या आधी फोन करायचा आणि त्यांना जमतील अशाच वेळा पोलमध्ये टाकायच्या. दहा मिनिटांचं काम आहे, ते पाठवणाऱ्याचंच. उरलेल्या दोघांना मात्र सवलत नाही. दिवसभर फोन हातात असतो, फॉरवर्ड येत असतात. "नाही" म्हणायला संकोच वाटतो, म्हणून "पळोवया". अहो, "नाही" कळलं तर दुसरी वेळ शोधता येते. गप्प बसलात की अकराजण लोंबकळतात, आणि वाळपईहून येणारा माणूस भिजतो.

तर नवा पोल आज रात्री नऊला निघतोय. पर्याय तीनच: शनिवार संध्याकाळी साडेचार, रविवार सकाळी अकरा (चर्च आटोपल्यावर), बुधवार संध्याकाळी साडेसात, हा तिसरा ऑनलाइन. पहिले दोन वाळपईची बस बघूनच धरलेत. मुदत मंगळवार रात्री आठ, ईमेलच्या पहिल्याच ओळीत लिहिलेली असेल. मंगळवारी दुपारी एकदाच आठवण येईल. आठनंतर आलेलं मत धरलं जाणार नाही. नऊच्या आत वेळ पक्की करून निमंत्रण जाईल. ते "अ‍ॅक्सेप्ट" करा, म्हणजे तुमच्या कॅलेंडरवर वेळ पक्की नोंदली जाईल. नंतर अडचण आलीच तर आदल्या रात्रीपर्यंत कळवा. त्यानंतर कळवायचं झालं तर आधी वाळपईला फोन करा, मग गटावर लिहा.