फ्लूची लस दरवर्षी का? काकांना मेलबर्नहून

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा वाद झाला. काकांचं म्हणणं, दरवर्षी फ्लूची नवी लस म्हणजे कंपन्यांचा धंदा, गोवरची लहानपणी दिली की जन्मभर पुरते मग हिलाच काय होतं, आणि आतेभाऊ म्हणाला घेऊनसुद्धा मी आठ दिवस झोपून होतो.

मी अकरा वर्षं मेलबर्नला आहे. इथे एप्रिलमध्ये कोपऱ्यावरच्या केमिस्टकडेच लस टोचून मिळते, पासष्टीच्या वरच्यांना, गरोदर बायकांना, पाचच्या आतल्या पोरांना फुकट. यंदा मी खोका मागून बघितला, त्यावर चक्क वर्ष छापलेलं आणि व्हायरसच्या जातींची नावं, कुठे सापडला ते ठिकाण, नंबर, साल.

काकांचा प्रश्न रास्त आहे हो. गोवरचा व्हायरसही बदलतो, पण आपलं शरीर त्याचा जो भाग ओळखतं तो बदलला तर त्याचंच काम अडतं, म्हणून ती जुनी लस अजून चालते. फ्लू स्वतःच्या कॉप्या काढताना चुका करतो, त्या दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही, आणि शरीर त्याला ज्यावरून ओळखतं ते वरचं हिमॅग्लुटिनिन प्रोटीन बदललं तरी तो आरामात पसरतो, म्हणून डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा लसीत काय घालायचं ते ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिणेसाठी. नमुने जगभरातून तपासले जातात, आपल्या पुण्याच्या एनआयव्हीतही (राष्ट्रीय विषाणू संस्था). पुढे लस बनायला सहाएक महिने, तेवढ्यात व्हायरस सरकला की लस कमी पडते. आतेभावाचं तसं झालं असेल, पण तो घरीच बरा झाला, ॲडमिट व्हावं लागलं नाही, हे तो सांगतच नाही.

मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यातही उसळतो, म्हणजे लस जूनच्या आधी हवी, आणि बाबांना (वय ७२, शुगर) दोन वर्षं ती दिवाळीनंतर दिली गेली. तीही पदरचे पैसे मोडून, कारण सरकारच्या राष्ट्रीय लसीकरणात ती नाहीच. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, नायडू हॉस्पिटलबाहेरची रांग मी डोळ्यांनी बघितलीय, त्याच व्हायरसचे वंशज आजही दरवर्षी फिरतात, मग म्हाताऱ्यांना तरी मे महिन्यात ही लस फुकट का देत नाहीत?

बाबांची यंदाची वेळ मेच्या पहिल्या आठवड्यातली घेतलीय. काकांनाही बरोबर न्या म्हटलं, त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.