खुलासा: काडतुसं भरायचं प्रेस ‘नुसतं औजार’ नव्हे

गोव्यातल्या सत्तरी-सांगे तालुक्यांत १२ बोअरची (छर्‍यांची) बंदूक बाळगणाऱ्यांत फिरणारा दावा असा: घरीच काडतुसं भरायला प्रेस मागवा, ते नुसतं औजार, परवाना नको; बंदुकीची दारू साध्या छोट्या काट्यावर मोजा. दोन्ही चूक.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मध्ये दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री हीसुद्धा ‘दारूगोळा’च. बनवायला कलम ५ खालचा परवाना लागतो; पीकरक्षणाच्या बंदुकीचा परवाना इथे चालत नाही.

काट्याचं तर विचारूच नका. ०.१ ग्रॅमचा काटा म्हणजे दीड ग्रेनचा (ग्रेन हे दारू मोजायचं बारीक वजन) घोळ; काडतुसं भरायचा खास काटा ०.१ ग्रेन, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम दाखवतो. जलद जळणारी दारू जराशी वाढली तरी दाब चढून नळी फाटू शकते. आणि .२२ रिमफायरची (छोट्या रायफलीच्या काडतुसाची) पुंगळी तर या प्रेसवर भरताच येत नाही, तिचं ठिणगी देणारं मिश्रण बुडाच्या कडेतच असतं.