कावळो शिवलो नाय म्हणान

पहिलं एक सांगून टाकतो. शेजारच्या तात्यांनी पाच दिवसांपूर्वी आपल्या वारलेल्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, म्हाळ (पितृपक्षातलं श्राद्ध) घातला, त्या पानाला तोंड लावलं तो आमचा कुत्रा डांब्या होता, अण्णा नव्हते. हे सांगायची पाळी यावी यातच सगळं आलं, पण गेले पाच दिवस मी वाडीत जो भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय आणि ऐकून घ्यायला कोणी तयार नाही. आमची ही तर काल म्हणाली, "जाऊ दे ना, म्हाताऱ्याला बरं वाटत असेल." कुठल्या म्हाताऱ्याला ते मी विचारलं नाही.

तर आमच्याकडे दोन कुत्रे आहेत, डांब्या आणि बायो, दोघंही गावठी. डांब्या काळा कुळकुळीत. वाडीच्या रस्त्यावर पहिल्यांदा डांबर पडलं त्या दिवशी पिंपाच्या आडोशाला सापडला म्हणून डांबर, त्याचं डांब्या झालं. बायो जांभ्याच्या रंगाची, खळ्यात पडवीच्या पायरीला टेकून झोपली की चिरा कुठला आणि कुत्री कुठली ते कळत नाही आणि रोज कोणीतरी तिच्यावर पाय देतं. तिला बायो नाव ठेवलं ही चूकच झाली, कारण संध्याकाळी "गो बायो, घराक ये" अशी हाक मारली की शेजारच्या तीन पोरी "काय ओ काका?" करत धावत येतात, बायो येत नाही ती नाहीच.

आता कुत्र्यांची बाजूही मांडायला हवी, कारण वाडीत ती कोणी मांडत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे ६१ दिवस ताज्या बांगड्याचं डोकं दिसायची मारामार. बंदी उठते न उठते तोवर श्रावण, मग गणपती, ते गेले की पितृपक्ष. सुकट असते पण ती माणसांनाच पुरत नाही. आपण नेम पाळतो ते आपल्या मर्जीने, डांब्याने कुठल्या देवळात संकल्प सोडला होता? चार महिने ताक-भात खाऊन तो प्राणी इतका कातावला होता की मागच्या आठवड्यात त्याने माझं रबरी चप्पल खाल्लं, डावं. त्यामुळे म्हाळाच्या दिवशी सकाळीच मी दोघांना नायलॉनच्या दोरीने माडाला बांधून तात्यांकडे जेवायला गेलो. बांधलं होतं हे लक्षात ठेवा, कारण नंतर "तू कुत्रे मोकळे सोडतंस" हेही ऐकून घ्यावं लागलं.

दशमीचा म्हाळ. वडे, खीर, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळा, भेंडी, अळू, सगळं तयार. बारा वाजता पान वाढून कावळ्यासाठी ठेवलं. पूर्वी ते कौलांवर ठेवायचे, पण तात्यांनी यंदा कौलं उतरवून पत्रे घातले आणि पत्र्यावरून पान घसरतं, म्हणून ठेवलं गडग्यावर, म्हणजे हद्दीच्या चिरेबंदी कुंपणावर. कुठल्या? आमच्या-त्यांच्या मधल्या. वर बारीक सर आली म्हणून तात्यांचा एक पुतण्या पानावर छत्री धरून उभा राहिला. मी म्हटलं, अरे छत्रीखाली कावळा येईल कसा, तर मला "मुंबयकर" म्हणून गप्प केलं. मी मूळचा इथलाच, पण २५ वर्षं ठाण्यात काढली हा डाग काही धुतला जात नाही.

साडेबारा, एक, सव्वा. कावळा समोर माडावर बसलेला, चोच पुसत. माझं मत विचाराल तर त्याचं पोट भरलेलं होतं. पंधरवडाभर अख्ख्या वाडीत पानं मांडलेली आणि कावळे तेच आठ-दहा, सकाळपासून चार घरं करून आलेला प्राणी पाचव्या घरी कशाला खाईल? पण हे बोलायची सोय नाही, पान शिवलं नाही म्हणजे अण्णांची काहीतरी इच्छा राहिलीय. आणि ती कळेपर्यंत आम्ही बावीस माणसं रिकाम्या पानांसमोर मांडी घालून. सांबाऱ्याचा वास येत होता हो.

मग आबांना पुढे केलं. आबा म्हणजे आमच्या वाडीचे गाऱ्हाण्याचे आबा. ऐंशीच्या पुढे वय, आवाज अजून खणखणीत, आणि देवाशी बोलतानाही तलाठ्याशी बोलल्यासारखे बोलतात, म्हणजे नम्र पण सगळे कागद हातात आहेत अशा थाटात. गडग्यासमोर उभे राहिले, टोपी सारखी केली आणि सुरू झाले.

"बा अण्णा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही बावीस जण. गाऱ्हाण्याला हे म्हणावंच लागतं.

"आज तुज्या झिलान, सुनेन तुजो म्हाळ घातलेलो हा. पाच भाजये केल्यानी, वडे केल्यानी, खीर केल्यानी. तरी कावळो कित्याक शिवणा नाय तां तूच सांग. खयची इच्छा ऱवली आसात तर मोकळेपणान बोल."

"व्हय म्हाराजा!"

अण्णा मोकळेपणाने काही बोलले नाहीत. मग आबा एकेक आश्वासन द्यायला लागले. "तुजो रेडिओ बिघडललो हा, तो मालवणात न्हेवन दुरुस्त करतलो." व्हय म्हाराजा. कावळा ढिम्म. "तुज्या नातवाचा लगीन येत्या मे म्हयन्यात करतलो." व्हय म्हाराजा. छत्रीवाल्या पुतण्याच्या शेजारी उभा असलेला नातू पुटपुटला, "चेडू खंय आसा ता पण इचारा." कावळ्याने मान वळवली, बस. "काजीची बाग विकूची नाय." हा व्हय म्हाराजा जरा बारीक आला, कारण बागेचा विसार घेऊन झालाय हे सगळ्यांना ठाऊक.

आणि मग आबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "आणि म्हाराजा, शेजाऱ्यान गडगो वीतभर आमच्या हद्दीत सारलेलो हा, तो परत मागे घेवक लावतलो!"

"व्हय म्हाराजा!"

दुपारभरातला सगळ्यात दणदणीत. आणि काय सांगू, त्यात माझाही आवाज होता. लयीत निघून गेलं तोंडातून. पाहुणा म्हणून बोलावलंय, उपाशी बसवलंय, आणि माझ्याच गडग्याची कबुली बावीस साक्षीदारांसमोर माझ्याच तोंडून.

गडग्याचं खरं काय ते इथे सांगतो. तीन वर्षांपूर्वी पावसात तो कोसळला, चारशे चिरे मी आणले, गवंडी मी आणला, त्याचा चहा मी पाजला, आणि अण्णा तेव्हा जिवंत होते, खुर्ची टाकून समोर बसले होते आणि काठीने दाखवत होते, इथून घे, इथून घे. पायाही जुनाच. तात्या त्या आठवड्यात गोव्याला होते. परत आले ते वीत घेऊनच आले. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, त्यात ही वीत कितीशी? पण आमच्याकडे एकेका सातबाऱ्यावर पस्तीस-चाळीस नावं, निम्मी वारलेली, उरलेली नालासोपाऱ्यात, जमीन कसायला कोणी नाही आणि हद्दीवर भांडायला सगळे हजर. मोजणी आणा म्हटलं की कोणी आणत नाही, कारण मोजणी झाली तर भांडण संपेल ना.

असो. तर माझं "व्हय म्हाराजा" हवेत असतानाच डांब्या आला. गळ्यात तुटक्या दोरीचं हातभर शेपूट, आमच्या बाजूने एका उडीत गडग्यावर, छत्रीखाली मान घातली आणि खिरीत तोंड. पुतण्या छत्री टाकून पळाला. मी ओरडलो, "हाड!" आणि त्याच वेळी आबांनी दोन्ही हात वर केले.

"पावलो! अण्णा पावलो!"

मी म्हटलं, "आबानू, तो कुत्रो हा. आमचो डांब्या."

"कुत्रो तां आमका पण दिसता," आबा शांतपणे म्हणाले. "आतमदी कोण हा ता सांग."

आता यावर काय बोलणार? तरी मी शास्त्रावर गेलो. म्हटलं, म्हाळात कुत्र्याचाही घास असतोच, गाय, कुत्रा, कावळा, देव, मुंग्या, सगळ्यांचा वेगळा काढतात, तो आपला घास खायला आला असेल. आबा हसले. वाटच बघत होते. "कुत्र्याचो घास थंय न्हाणयेकडे ठेवलेलो हा. तो सोडून ह्यो हंय कित्याक इलो? आणि बाकी येवडी जागा आसताना गडग्यारच कित्याक चढलो? आणि मिया गडग्याचा नाव काढलंय तेवाच कसो चढलो?"

तात्यांनी भर घातली, अण्णांचा डावा पाय अधू होता आणि ह्यो बघा मागचो डावो उचलून धरता. डांब्याचा पाय गेल्या वर्षी मोटारसायकलखाली आला होता, मोटारसायकल तात्यांचीच, पण ते कोण ऐकतंय. दुसरे म्हणाले अण्णाही आधी खीर नि मग वडे खायचे. तिसरे म्हणाले जेवताना आवाजपण असोच करी. मी शेवटचं म्हणून विचारलं, पण माणूस कुत्र्यात कसा येईल? तर आबांनी आचऱ्याची गावपळण काढली. "रामेश्वराचो कौल झालो काय तीन दिस तीन राती माणसां, गुरां, कोंबडे, कुत्रे, सगळे येशीभायर जातत का नाय? म्हंजे देव माणूस-कुत्रो करणा नाय. तू खयचो करणारो?"

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी वडे खाऊन घरी गेलो असतो. पण गडग्यावर बायो आली. तिची दोरी डांब्याने कुरतडली की तिने स्वतः, माहीत नाही. आणि डांब्या, जो हाडासाठी तिचा कान फाडतो, तो चक्क बाजूला सरकला आणि तिला वडा खाऊ दिला.

तोपर्यंत पडवीत गप्प बसलेल्या काकी, म्हणजे अण्णांच्या मागे राहिलेल्या, उठून पुढे आल्या. "ही कोण?"

मी म्हटलं, "ही बायो, काकी. आमची."

"ता माका ठाऊक हा. *ही कोण?*"

सगळे चिडीचूप. आबा टोपी काढून आत बघायला लागले.

"खाडयेपलीकडली," काकी स्वतःशीच म्हणाल्या. "चाळीस वर्सां माका सांगी, होडयेचा काम हा म्हणान जातंय. मेल्यार पण वांगडाक घेवन इलो. शिरा पडो!" आणि पायातली चप्पल नेम धरून बायोला. नव्वदीकडे झुकलेल्या बाईचा नेम बघा, कमरेत. बायो केकाटत आमच्या खळ्यात, आणि डांब्या, हा निर्लज्ज, तिथेच उभा राहून सांबारं चाटतोय.

अडीच वाजता पंगत बसली. माझ्या पानात वडा एकच पडला. विसरून झालं असेल म्हणून मी दुसऱ्या फेरीची वाट बघितली, दुसरी फेरी माझ्या अलीकडेच वळली.

तेव्हापासून रोज सकाळी तात्या गडग्याशी येऊन शीळ घालतात आणि डांब्या जातो. ग्लुकोजची बिस्किटं, दुधात बुडवून. माझ्याकडे ताक-भात, तिकडे हे, कोण राहील इथे? बायोला मात्र त्या अंगणात मज्जाव, ती आमच्या बाजूने गडग्याला नाक लावून बसते आणि काकी पलीकडून पुटपुटतात. मला त्या मुक्या जनावराचं खरंच वाईट वाटतं, चप्पल लागली तिथे अजून हात लावू देत नाही, आणि "लागला काय गो तिका?" असं एकानेही विचारलेलं नाही. संध्याकाळी तात्या डांब्याला घेऊन गडग्याच्या कडेने फिरतात, तो जिथे तंगडी वर करतो तिथे खडूने खूण करतात. काल मोजलं, आमच्या हद्दीत सात खुणा. रात्री तो त्यांच्या पडवीत, कारण बिबट्या फिरतोय आणि "अण्णांक वाघान न्हेलो तर लोक काय म्हणतले?" अण्णांना सोबत म्हणून रेडिओही दुरुस्त होऊन आलाय. साडेदहापर्यंत चालू असतो, फुल आवाजात.

आज सकाळी तर कमाल झाली. दोघांची रेबीजची वार्षिक लस या आठवड्यात द्यायचीय, मी गुरांच्या डॉक्टरांना घरी बोलावून ठेवलेलं. बायोला सुई टोचून झाली, डांब्याला आणायला गेलो तर तात्या आडवे.

"सुई नाय."

"तात्यानू, लस हा. दर वर्साक घेवक लागता. कोणाक चावलो तर?"

"अण्णा जल्मात सुयेक घाबरत. मरताना पण सलायन लावक दिल्यानी नाय. आता ह्या वयात त्यांका टोचतलंस?"

डॉक्टर घड्याळ बघत उभे. पाऊण तास समजावलं, मी, डॉक्टर, शेवटी आबांना बोलावलं. आबांनी अण्णांना छोटंसं गाऱ्हाणं घातलं की म्हाराजा, मुंगी चावल्यावरी समज. व्हय म्हाराजा. मी या वेळी तोंड घट्ट मिटून उभा होतो. मग टोचली. डांब्या कुंईसुद्धा म्हणाला नाही, काकींच्या मात्र डोळ्यात पाणी.

डॉक्टरांनी पैसे सांगितले. मी तात्यांकडे बघितलं.

"माझ्याकडे कित्याक बघतंस मेल्या?" तात्या म्हणाले. "बापूस आमचो. कुत्रो तुझो."