टेललाइट घरीच बदला, पण फ्यूजला चॉकलेटची चांदी गुंडाळू नका

‘मेकॅनिक लुटतात! गाडीचा टेललाइट घरीच दहा रुपयांत दुरुस्त करा’ असा सात कलमी मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. शेवटी नेहमीप्रमाणे ‘पुढे पाठवा, कुणाचे तरी पैसे वाचतील’. असले मेसेज मी न वाचताच उडवतो. पण हा बारामतीच्या मामांनी टाकला आणि खाली लिहिलं, ‘डावीकडचा दिवा गेलाय, उद्या करून बघतो.’ मामा रोज अंधार पडल्यावर फलटण रस्त्याने घरी येतात. साखर कारखाने चालू झाले की त्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागतात, त्यातल्या बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा सोडा, रिफ्लेक्टरची पट्टीसुद्धा नसते. त्यांच्या जोडीला आता मामांची गाडी नको, म्हणून एवढं सगळं लिहायला बसलो.

चौथ्या कलमापासून सुरुवात करतो, कारण डोकं तिथेच फिरलं. ‘फ्यूज सारखा उडत असेल तर त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळून बसवा किंवा मोठ्या अँपिअरचा टाका, परत कधीच उडणार नाही.’ अगदी बरोबर, उडणार नाही. त्याच्या जागी वायर जळेल.

साधा हिशोब करा. ब्रेक दाबल्यावर पेटणारा मागचा बल्ब २१ वॅटचा असतो. १२ व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर घेतो. मागचे दोन्ही आणि काचेजवळचा तिसरा धरला तरी सगळे मिळून पाच-सहा अँपिअरच्या आतच राहतात. म्हणजे दहा अँपिअरचा फ्यूज बल्बमुळे उडत नाही. तो उडतोय याचा अर्थ कुठेतरी वायरचं आवरण गेलंय आणि तांबं गाडीच्या पत्र्याला लागतंय. हॅचबॅक असेल तर डिकीच्या दारापाशी रबराच्या नळीतून वायरी जातात तिथे आधी बघा. दार हजारदा वर-खाली होऊन त्या तिथेच तडकतात. शॉर्ट झाल्यावर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. फ्यूज बल्बला वाचवायला नसतोच, तो वायरीला वाचवायला असतो, आणि ती वायर डॅशबोर्डपासून डिकीपर्यंत तुमच्या पायाखालच्या मॅटखालून, सीटच्या कडेने गेलेली असते. चांदी लावली की ती अख्खी वायर हीटरची तार होते. वर फोम, रेक्झिन, कार्पेट. पुढचं सांगायला नको.

फ्यूज काही रुपयांना मिळतो. रंगसुद्धा ठरलेले आहेत: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. गाडी कुठल्याही कंपनीची असो, ग्लोव्ह बॉक्समध्ये जे मॅन्युअल प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून असतं, त्यात फ्यूजच्या पानावर साधारण हेच असतं: जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याचाच टाका, तार किंवा चांदी लावू नका, पुन्हा उडाला तर वायरिंग तपासून घ्या. मेसेज लिहिणाऱ्याने ते पान उघडलं असतं तर चौथं कलम लिहिलंच नसतं. शिवाय मामांचा एकच दिवा गेलाय. दोन्ही एकदम गेले तर आधी फ्यूज बघायचा. एकच गेला तर बहुतेक वेळा बल्ब नाहीतर अर्थिंग, म्हणजे दिव्यातून गाडीच्या पत्र्याला जोडलेली परतीची वायर. म्हणजे त्यांना त्या कलमाची गरजच नव्हती, तरी ते चांदी शोधायला निघाले होते!

दुसरं कलम: ‘लाल काच फुटली असेल तर बल्बलाच लाल नेलपॉलिश लावा.’ पेटलेला बल्ब हाताला चटका बसेल इतका तापतो. त्यावरचं नेलपॉलिश आधी धुरकट होतं, मग करपतं, मग पोपडे धरून गळतं, आणि फुटलेल्या काचेतून मागच्याला दिसतो पांढरा उजेड. अंधारात पांढरा दिवा दिसला की मागचा माणूस काय समजेल? समोरून गाडी येतेय, नाहीतर ही गाडी रिव्हर्स येतेय. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०८ याबद्दल स्पष्ट आहे: गाडीच्या मागे लालशिवाय दुसरा दिवा दिसता कामा नये. अपवाद मोजके, जसे पिवळा इंडिकेटर, नंबरप्लेटवरचा पांढरा दिवा, रिव्हर्सचा दिवा. आणि नियम १०५ म्हणतो की मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. नेलपॉलिशचा बल्ब १५५ मीटरवरून लाल दिसतो का, हे मेसेजवाल्याने एकदा रस्त्यावर उभं राहून बघावं. रस्त्याच्या कडेला, मध्ये नको.

‘मग काचेलाच लावू का?’ हा मामांचा पुढचा प्रश्न. तेही नको. आपण काच म्हणतो ते असतं अॅक्रिलिक, आणि नेलपॉलिशमधलं द्रावण अॅक्रिलिकला खातं. बारीक भेगांचं जाळं पडतं आणि होता तोही उजेड विखुरतो. नवीन असेंब्ली, म्हणजे काचेसकट अख्खा दिवा, येईपर्यंत दोन दिवस काढायचे असतील तर मोटारवाल्यांकडे लाल पारदर्शक टेप मिळते, ती लावा. तीही तात्पुरतीच.

तिसरं कलम एलईडीचं. ‘कुठलाही पांढरा एलईडी बसवा, दुप्पट उजेड.’ पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा-पिवळा भाग जास्त आणि लाल कमी. लाल काच फक्त लाल उजेड पुढे जाऊ देते, बाकीचा अडवते. त्यामुळे नुसत्या डोळ्यांना झगझगीत वाटणारा हा बल्ब काचेमागे गेला की फिकट गुलाबी मारतो. त्याहून वाईट म्हणजे यातल्या स्वस्त मालात टेलचा मंद उजेड आणि ब्रेक दाबल्यावरचा जास्त उजेड यांत फरकच जाणवत नाही. मागच्या ड्रायव्हरला तुम्ही ब्रेक मारलाय हे कळतं ते फक्त त्या फरकावरून.

पाचवं, ‘पाणी शिरत असेल तर सगळीकडून एम-सील लावा.’ दिव्याला श्वास घ्यायला ठेवलेली भोकंही बुजवाल आणि आतली वाफ आतच राहील. पावसाळ्यात थोडी वाफ धरणं नॉर्मल आहे, पाणी साचणं नाही. मागचं रबरी गॅस्केट बदला, संपलं. सहावं, ‘आधी बॅटरीचा टर्मिनल काढा नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर जळेल.’ नाही जळत. दिवे बंद, चावी बाहेर, बास. टर्मिनल काढाल तर घड्याळ आणि म्युझिक सिस्टीमचं सेटिंग मात्र जाईल. सातवं, ‘बल्बला बोट लावलं तर फुटतो.’ ते पुढच्या हॅलोजनबद्दल आहे, तिथे बोटाचा तेलकटपणा खरंच बाधतो. मागचा बल्ब साध्या काचेचा, गार झाल्यावर खुशाल धरा.

आता जे खरं आहे ते नाइलाजाने मान्य करतो. पहिलं कलम म्हणतं, बल्ब बदलायला मेकॅनिक लागत नाही आणि इन्शुरन्सच्या नादी लागू नका. दोन्ही बऱ्याच अंशी बरोबर. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये सक्तीने आपल्या खिशातून, आणि पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जातो तो वेगळाच. एका टेललाइटसाठी क्लेम परवडत नाही. आणि बल्ब खरोखर घरी बदलता येतो. फक्त गाडीला मुळातच एलईडीचे टेललाइट असतील तर आत बदलण्यासारखा बल्बच नसतो, अख्खी असेंब्ली घ्यावी लागते. दहा रुपये विसरा.

मामा, तुमच्या गाडीला बल्ब आहे. डिकी उघडा, दिव्याच्या आतल्या कडेला दोन स्क्रू दिसतील. ते काढून दिवा सरळ मागे ओढा, तिरका नको, बाहेरच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या मोडतात. होल्डर डावीकडे थोडा फिरवला की सुटतो. बल्ब जरा आत दाबून डावीकडे वळवा, निघेल. जुना बल्ब खिशात घालूनच दुकानात जा. त्याच्या पितळी टोपीवर पी२१/५डब्ल्यू लिहिलेलं असेल, म्हणजे एकात दोन तारा, ५ वॅटची टेलला आणि २१ ची ब्रेकला. तसाच घ्या. त्याच्या दोन कानांची उंची मुद्दाम वेगवेगळी ठेवलेली असते, म्हणून तो एकाच बाजूने बसतो. बसत नाही म्हणून उलटा ठोकला तर रात्रभर २१ वॅट पेटत राहतील, होल्डर वितळेल आणि ब्रेक मारल्यावर उजेड वाढायच्या ऐवजी जेमतेमच वाढेल.

नवा बल्ब टाकूनही पेटला नाही, किंवा ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मिणमिणायला लागला, तर अर्थिंग गेलंय. होल्डरमधल्या पितळी पट्ट्यांवर काळं-हिरवं धरलं असेल ते पॉलिश पेपरने घासा, आणि अर्थिंगची वायर बॉडीला जिथे स्क्रूने आवळलीय तिथला गंज काढून पुन्हा घट्ट करा. होल्डरच वितळलेला असेल तर तो नवीन घ्या, जुन्यात चांदी कोंबू नका. मग गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा, ब्रेक दाबा आणि आरशात बघा. भिंतीवर दोन्हीकडे सारखाच लाल उजेड पडला की स्क्रू आवळा. एवढं होईपर्यंत संध्याकाळी मामींच्या स्कूटरवरून या.